बोर्ड निवडताना आधी बॅटरी बघा

आज छाटणी नाही, खत नाही. आज शेडमधल्या कॉम्प्युटरबद्दल लिहितोय. पण विषय शेवटी बागेचाच आहे.

मागच्या हंगामात द्राक्षबाग फुलोऱ्यात होती. संध्याकाळी सहाला भुरभुर पाऊस सुरू झाला आणि लाईट गेली. शेडमध्ये पोराचा जुना डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालू होता. हवामान केंद्राच्या आणि पान-ओलाव्याच्या सेन्सरच्या नोंदी त्यातच पडायच्या. पहाटे तीनला बॅटरी बसली. सकाळी बघतो तर तीनच्या पुढे सगळं कोरं. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीची फवारणी ठरते, आणि नेमके तेच तास गायब. पान सुकलं असेल असं धरून मी फवारणी एक दिवस पुढे ढकलली. खालच्या अंगाच्या सहा ओळींतले घड गेले. चूक माझीच. पण त्यानंतर मी कॉम्प्युटरकडे मोटारीसारखं बघायला लागलो: खातो किती?

वॅटमीटर लावला. डेस्कटॉप काहीही काम नसताना ६५ वॅट, दोन कॅमेरे आणि राऊटर १४. म्हणजे जवळपास ८० वॅट. बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात ९००. भागाकार केला तर अकरा तास. त्यात इन्व्हर्टर स्वतःच खातो, मग नऊ तासांत खेळ खलास.

माझं मत सरळ आहे. शेतावरच्या कॉम्प्युटरसाठी बोर्ड निवडताना वेग शेवटी बघा. पहिला प्रश्न, लाईट गेल्यावर हा किती तास जागा राहील?

मी मिनी-आयटीएक्स बोर्ड घेतला. १७ बाय १७ सेंटीमीटरचं हे माप व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलं. त्यावर इंटेलचा एन१०० प्रोसेसर बसवलेलाच येतो. कागदावर ६ वॅट लिहिलेले असतात, पण तिथे फसू नका. तो आकडा फक्त प्रोसेसरचा. रॅम, एसएसडी धरून माझा अख्खा डबा ११ वॅट घेतो. कॅमेरे आणि राऊटर धरून २५. त्याच बॅटरीवर हिशोबाने ३६ तास, दीड दिवस.

घेताना चार गोष्टी बघा.

एक, वीज आत कशी जाते. डीसी जॅक असलेला बोर्ड घ्या. नाहीतर बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० करायचे आणि एसएमपीएसने परत १२ करायचे, दोन्हीकडे गळती. पण बॅटरीची वायर थेट खुपसू नका. चार्जिंगला ती १४ च्या वर जाते, उतरल्यावर १२ च्या खाली येते. काही बोर्डांना १२ व्होल्ट लागतात, काहींना १९. मधे योग्य डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि फ्यूज हवाच.

दोन, पंखा नसलेला बोर्ड. शेडमधली धूळ आणि मुंग्या पंख्याला आधी गाठतात. मात्र उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. सावलीच्या भिंतीला हवेशीर लावा.

तीन, बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय. ती नसेल तर बटण दाबायला रात्री शेतात जा.

चार, नोंदी एसएसडीवर. अचानक लाईट गेली की मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका जास्त.

काही जण म्हणतील, रास्पबेरी पाय आणखी कमी वीज खातो. खरं आहे. नुसतं हवामान केंद्र असेल तर तोच घ्या, माझ्यासारखा खर्च करू नका. मला कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही ठेवायचं होतं, म्हणून हा बोर्ड. दुसरे म्हणतील, सगळं मोबाईलवर येतं की. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा थोड्या वेळाने टॉवरही जातो. नोंद आधी शेडमध्ये पडली पाहिजे, मग ती जगभर फिरू दे.

कृषी सल्लागार मित्रांना एक विनंती. शेतकऱ्याला सेन्सर सुचवताना कोटेशनमध्ये किंमत लिहिता तशी एक ओळ वॅटचीही लिहा. पाण्याच्या पंपाला एचपी विचारल्याशिवाय आपण दुकानातून हलत नाही. मग चोवीस तास चालणाऱ्या डब्याला का नाही विचारायचं?

यंदा फुलोऱ्यात दोनदा रात्रभर लाईट नव्हती. दोन्ही सकाळी ओलाव्याची रेघ अखंड होती. एकदा फवारणी केली, एकदा वाचली. दोन्ही वेळा अंदाजाने नाही.