मीनाक्षीची खिडकी

दिवाळीत परभणीला घरी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. लग्न कधी, हा नाही. तो आई विचारते. आजोबांचा प्रश्न वेगळा. "अकोला-खंडवा कधी चालू व्हायलीय रे?"

आपण कॉम्प्युटरवाले, म्हणजे रेल्वे बोर्डाचं टाइमटेबलही आपल्याला माहीत असणार, असा त्यांचा पक्का समज आहे. :)

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्या जिल्ह्यात पूर्णा नावाचं जंक्शन आहे. तिथून हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट करत एक मीटरगेज लाइन खंडव्याला जायची. काचीगुडाहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस हिच्यावरून धावायची. परभणीकरांना इंदूर, रतलाम, राजस्थान सगळं एका गाडीत. परळी आणि औंढा तर आमच्या दारातच, तिसरं ज्योतिर्लिंग ओंकारेश्वर, तेही या गाडीने थेट गाठता यायचं.

मी नऊ वर्षांचा असताना आजोबांनी मला या गाडीने ओंकारेश्वरला नेलं होतं. ओंकारेश्वर मला फारसं आठवत नाही. आठवते ती खिडकी. अकोट, हिवरखेड मागे पडलं की कपाशीची सपाट शेतं संपायची आणि सातपुडा सुरू व्हायचा. मग गाडी दमत दमत मेळघाटात शिरायची. दोन्ही बाजूंना साग, खाली दरी, मध्येच कोरडा नाला. धुळघाटजवळ तर रूळ गोल फिरून स्वतःच्याच रुळांखालून जायचे. आजोबांनी दाखवलं, "ते बघ, आत्ता आपण तिथं वर होतो." माझा विश्वास बसेना. आमच्या जिल्ह्यात जंगल फार थोडं. जिंतूरकडचे डोंगर आणि येलदरीचं धरण म्हणजे आमची निसर्गसहल. त्यामुळे एवढा हिरवा डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून, अर्ध्या तिकिटात.

२००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झालं आणि थेट गाडी तुटली. अकोला-खंडवा मात्र मीटरगेजच राहिली आणि २०१७ च्या सुरुवातीला गेज बदलासाठी बंद झाली. बंद व्हायच्या थोडं आधी, इंजिनिअरिंगला असताना, मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. पुढे अकोला-अकोट ब्रॉडगेज झालं. मधला जंगलातला तुकडा अडला, कारण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. चाळीसेक किलोमीटर.

आणि इथेच आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं.

काकांचं म्हणणं सरळ आहे. "आधी मराठवाड्याला काही द्यायचं नाही, आणि जे होतं ते वाघाच्या नावानं काढून घ्यायचं. तुम्ही पुण्यात बसून पर्यावरण सांगायलात." काकांचं सगळंच चूक नाही. थेट लाइन गेल्याने व्यापारी, विद्यार्थी, यात्रेकरू सगळ्यांचं नुकसान झालं. शिवाय ही लाइन व्याघ्र प्रकल्पाच्या आधीची. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, तेव्हा तिथून गाडी जातच होती. मग तेच रूळ रुंद केले तर बिघडलं कुठं?

बरेच दिवस मलाही असंच वाटायचं. खोटं कशाला बोलू, माझी तर लहानपणीची सगळ्यात भारी आठवण त्या रुळांवर आहे. पण आता माझं मत बदललंय. ती लाइन जंगलातून परत होऊ नये.

पहिलं कारण इंजिनिअरचं. मीटरगेजचं ब्रॉडगेज करणं म्हणजे व्हर्जन अपग्रेड नव्हे, नवीनच सिस्टिम बांधणं आहे. मीटरगेज डोंगराला वळसे घालत हळू चढत होती. ब्रॉडगेजला वळणं मोठी लागतात, चढ कमी लागतो, म्हणजे डोंगर कापणं, बोगदे, भराव आणि कित्येक वर्षं जंगलात यंत्रं. आणि एकदा उत्तर-दक्षिण मेन लाइन झाली की दिवसातून मोजक्या पॅसेंजर नाही, रात्रंदिवस मालगाड्या धावणार. आपल्याला आठवते ती गाडी परत येणारच नाहीये. तिच्या नावाने दुसरीच येईल. तुम्ही म्हणाल, अंडरपास बांधा. पेंचमध्ये नागपूर-जबलपूर हायवेवर बांधलेत, आणि त्यांच्याखालून वाघ जातात हे कॅमेऱ्यात दिसलंय. खरंय. पण तो उपाय रस्ता टाळता येत नाही तेव्हाचा. इथे टाळता येतो.

दुसरं कारण कोरकूंचं. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड अशा गावांचं पुनर्वसन झालं, नंतर अकोट भागातली आणखी गावं उठली. वाघाला शांत जंगल हवं म्हणून या लोकांनी घरदार सोडलं. दिलेली आश्वासनं पाळली नाहीत म्हणून २०१९ च्या जानेवारीत काही कुटुंबं जंगलात परतली आणि मोठा संघर्षही झाला. ज्यांना चुलीच्या धुरासकट बाहेर काढलं, त्यांच्याच जंगलातून आपण मालगाड्या नेणार? मग त्यांनी कशासाठी सोडलं?

तिसरं कारण चालत आमच्या शेजारी आलं होतं. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून सी-१ नावाचा एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर. शेतं, नाले, हायवे ओलांडत, हिंगोली जिल्ह्यातूनही फिरत डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशेच्या वर किलोमीटर झाले होते. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता. म्हणजे आजोबांच्या हिशेबाने वाघ आमच्याच जिल्ह्यातून गेला. :) पण तो एवढा का चालला? जागेसाठी. आपल्याकडची जंगलं आता शेतांच्या समुद्रातली बेटं झालीत. अशा वेळी मेळघाटासारखं जे मोठं, सलग जंगल उरलंय, त्याच्या मधोमध नवी भिंत घालणं हा निव्वळ वेडेपणा आहे.

काकांचा एक मुद्दा मात्र मला अजून टोचतो. "आम्ही जनरलच्या तिकिटात जंगल बघायचो, तुम्ही जिप्सी करून हजारो रुपये मोजता. जंगल आता पैसेवाल्यांचं." गेल्या हिवाळ्यात शहानूर गेटवरून मी सफारी केली तेव्हा हेच डोक्यात होतं. वाघ दिसला नाही. गवे दिसले, सांबर दिसलं आणि शेजारच्या जिप्सीतले "पैसे वाया" म्हणणारे लोक दिसले. त्यांच्यापेक्षा मीनाक्षीच्या जनरल डब्यातली माणसं जास्त शहाणी होती. त्यांना वाघ नको होता, त्यांना फक्त बाहेर बघायचं होतं.

त्यांच्यासाठी वाट अजून आहे. परतवाड्याहून धारणीची एसटी पकडा. सेमाडोह, हरिसाल, सगळा घाट लाल डब्याच्या खिडकीतून दिसतो. रस्ता आधीच आहे, आपल्यासाठी नवा डोंगर कापावा लागत नाही.

आणि रेल्वे? तीही हवीच. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून न्यावा, असं पत्र रेल्वेमंत्र्यांना लिहिलं होतं. बाहेरून नेला तर साधारण तीस किलोमीटर वाढतात, पण तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांना रेल्वे मिळते. जंगलात तिकीट काढणारं कोण होतं? फक्त एक अट हवी. "जंगल वाचवलं" म्हणून फाइल बंद करू नका. वाघासाठी आपण वळसा घ्यायला तयार आहोत, पण त्या वळशाचं बिल एकट्या मराठवाड्याने वर्षानुवर्षं वाट बघून का भरायचं?

हे सगळं मी या दिवाळीत आजोबांना सांगितलं. काका उठून गेले. आजोबा बराच वेळ गप्प होते. त्यांचं वय एक्क्याऐंशी. धुळघाटचं ते वळण आता पुन्हा दिसणार नाही, हे मी त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट सांगत होतो.

मग म्हणाले, "बाहेरून जाऊ दे. पण लवकर जाऊ दे."

रेल्वे बोर्डाला माझ्याकडून एवढंच.