बाग लावताना सरकार, तोडताना शेतकरी एकटा

वाईन आपल्याला हराम, म्हणून वाईनचे धोरणही आपला विषय नाही, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा माझ्या ओळखीच्या तरुणांत चर्चा झाली ती हलाल-हरामचीच. तो निर्णय पुढे बारगळला. पण त्याचे समर्थन 'शेतकऱ्यांच्या भल्यासाठी' असे केले गेले होते. ते तपासायचे राहूनच गेले.

न पिणाराही कर भरतो, मत देतो. शिवाय फळांच्या व्यापारात आपले बागवान पिढ्यान्‌पिढ्या आहेत. द्राक्षाचे गणित बिघडले की झळ त्यांनाही बसते.

2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वायनरींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या. ही द्राक्षे बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात. वायनरीने उचलली नाहीत, तर खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. 2008 च्या जागतिक मंदीनंतर नेमके हेच झाले. टाक्या भरलेल्या राहिल्या, खरेदी घटली आणि नाशिकमधल्या अनेक शेतकऱ्यांनी स्वखर्चाने बागा तोडल्या.

त्याच सुमारास युरोपीय संघातही वाईन जास्त झाली होती. तिथे 2008 च्या सुधारणेत जादा वाईन गाळून अल्कोहोल बनवण्याचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद केले गेले. पण त्याबरोबर तीन वर्षांत 1,75,000 हेक्टरपर्यंत बागा स्वेच्छेने काढणाऱ्यांना पैसे देण्याची तरतूद झाली. प्रश्न कायमचा सुटला असे नाही. 2024 मध्ये फ्रान्सला पुन्हा हेक्टरी 4,000 युरो देऊन बागा काढाव्या लागल्या. तरीही धोरण चुकल्याचा भार तिथे एकट्या शेतकऱ्यावर पडला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नवे काही सुरू करण्याआधी आम्हाला विचारतात : हे फसले तर मागे कसे यायचे? वेलीला पहिले पीक यायलाच दोन-तीन वर्षे लागतात. तिथे तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत. वायनरीला सवलत हवी असेल, तर शेतकऱ्याशी लेखी करार, ठरलेला दर आणि किमान खरेदीची हमी द्यावी. मागणी पडली, तर त्याच खुंटावर खाण्याच्या किंवा बेदाण्याच्या जातीचे कलम करायला सरकारने मदत द्यावी.

वाईन प्यावी की नाही, याचे उत्तर आपल्यापाशी आहे. शेतकऱ्याच्या नावाने काढलेल्या धोरणात शेतकरी कुठे आहे, याचे उत्तर सरकारकडून मागायचे आहे. तो प्रश्न आपणही विचारला पाहिजे.