अर्धवेळ नोकरी, पूर्णवेळ टपाल

रत्नागिरीतील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि राज्यात अन्यत्र आहे तसाच तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापकवर्ग येथेही आहे. त्यास मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. ई-मेल मात्र वार पाहून येत नाही. ज्या दिवशी तास नाही, त्या दिवशी आलेले पत्र अनुत्तरित राहते. विद्यार्थी खोळंबतो आणि बोल लागतो तो अध्यापकास. मग तो बिचारा बिनपगारी दिवशीही उत्तरे लिहीत बसतो.

यावर स्वयंचलित उत्तराची सोय आहे. पण ती रजेवर जाणाऱ्या पूर्णवेळ नोकरदारासाठी योजलेली. २००४ साली निघालेल्या जीमेलमध्ये आरंभाची व अखेरची तारीख घालता येते. ‘दर गुरुवारी व शुक्रवारी’ असे सांगता येत नाही. शिवाय एकाच माणसाने पुन्हा लिहिले, तर चार दिवस त्यास दुसरे उत्तर जात नाही. गूगलच्याच ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’मध्ये ठरल्या वारी हे उत्तर आपोआप चालू-बंद करणारी छोटी आज्ञावली लिहिता येते, हे खरे. परंतु ती ज्याची त्याने लिहावी, ही अपेक्षा गैर होय. महाविद्यालयाच्या कार्यालयानेच ती एकदा करून द्यावी. उत्तरातही नुसते ‘उपलब्ध नाही’ नसावे. अध्यापक कोणत्या वारी भेटतील व तातडीचे काम कोणाकडे न्यावे, हे असावे. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी संगमेश्वराहून पत्र धाडणाऱ्या मुलास तेवढेच हवे असते.