पिकअप कोणती चांगली? उत्तर सरकारच्या कॉम्प्युटरात पडून आहे

पुसदकर गाडीवाल्यांनो, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरी पिकअपचा हप्ता चालू आहे, किंवा ज्याच्या डोक्यात जुनी देऊन नवी घ्यायचं घोळतंय, त्यानं शेवटपर्यंत वाचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून "जुनी द्या, नवी न्या"चा असा काही धडाका सुरू आहे की बस. फ्लेक्स, मेळावे, जागेवर लोन, वरून एक्स्चेंज बोनस. आणि चार माणसं जमली की एकच वाद: महिंद्रा का टाटा? बोलेरो पिकअप का योद्धा? इंट्रा घेऊ का दोस्त? माझ्या दोन पिकअप चालतात म्हणून लोक मलाही विचारतात, "भाऊ, टिकाऊ कोणती?"

राजेहो, हा प्रश्न आपण ज्या पद्धतीनं सोडवतो ती पद्धतच लबाडांच्या फायद्याची आहे. मामाची गाडी पाच वर्षं चालली म्हणून तीच कंपनी चांगली. मावसभावाची वाशीमच्या रस्त्यावर बंद पडली म्हणून ती भंगार. दहा-बारा लाखांचा व्यवहार आणि पुरावा काय, तर मामा आणि मावसभाऊ!

आपल्या भागाला गाडीचं महत्त्व कोणी शिकवायची गरज नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुसदला अजून रुळाची वाटच आहे. दोन मुख्यमंत्री दिलेलं गाव आपलं, पण हळद हिंगोलीला न्या, सोयाबीन मार्केटात न्या, भाजी पहाटे नांदेडला न्या, सगळं रबरी टायरवर. इथं पिकअप शौकाची गोष्ट नाही. ती बंद पडली की माल सडतो, ड्रायव्हरची रोजी बुडते आणि बँकेचा हप्ता मात्र बरोबर तारखेला कापला जातो.

आधी हिशेब, मग कंपनी

शोरूममध्ये पहिला प्रश्न ॲव्हरेजचा. मी एक साधा हिशेब मांडतो, आकडे तुम्ही आपापले टाका. समजा गाडी रोज १२० किलोमीटर चालते. एक देते १३ चं ॲव्हरेज, दुसरी १४ चं. फरक रोजचा पाऊण लिटरच्याही आत. डिझेल ९२ रुपये धरलं तर रोजचे साधारण ६० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांचे १,५००. आता डिझेल-ड्रायव्हर जाऊन गाडी रोज १,२०० रुपये सोडते असं धरा. ती चार दिवस वर्कशॉपात उभी राहिली की गेले ४,८००. म्हणजे तीन महिने कमावलेलं ॲव्हरेज एका झटक्यात साफ. टोचन, पार्ट आणि मजुरी अजून धरलीच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. टिकाऊपणा ॲव्हरेजमध्ये मोजायचा नाही, वर्षाला गाडी किती दिवस उभी राहिली त्यात मोजायचा. हा आकडा तुम्हाला कोणत्या सेल्समननं कधी सांगितला? ॲव्हरेज सांगतो, पेलोड सांगतो, डाउन पेमेंट तर दोनदा सांगतो. उभे दिवस कोणीच सांगत नाही.

नाव तेच, गाडी वेगळी

दुसरी फसगत नावाची. टाटा एस २००५ मध्ये आली, दोस्त २०११ मध्ये, योद्धा २०१७ मध्ये, इंट्रा २०१९ मध्ये. बोलेरो पिकअप तर त्याच्याही आधीपासून गावोगाव आहे. यांची जी कीर्ती झाली ती बहुतेक जुन्या इंजिनांवर. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा. दरवाज्यावरचं नाव तेच राहिलं, पण सायलेन्सरपासून वायरिंगपर्यंत आतली गाडी बदलली. २०१४ च्या गाडीच्या पुण्याईवर २०२५ ची गाडी विकणं म्हणजे आजोबाची शेती दाखवून नातवाचं लग्न जमवणं.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते, आणि त्यासाठी आतली उष्णता साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावी लागते. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर हे काम गाडी आपसूक उरकते. पण आपली गाडी कशी चालते? शेतातून गावात, गावातून मार्केटात, मार्केटात दोन तास लाइनीत, इंजिन कधी चालू कधी बंद. काजळी जळायला वेळच मिळत नाही. मग दिवा लागतो, ओढ कमी होते, आणि खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी रांगायला लागते.

प्रदूषणाचा नियम चुकीचा आहे असं मी बिलकुल म्हणत नाही. तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. घेणाऱ्याला ही जाळी समजावून सांगायची जबाबदारी कोणाची? माझी एक गाडी याच दिव्यापायी सहा दिवस उभी होती. जिथून घेतली त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी मला ऐकवलं, "तुम्ही गाडी बरोबर चालवत नाही." अरे बाबा, गाडी घेताना मी सांगितलं होतं की रोजचं काम दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्यांचं आहे. तेव्हा म्हणाले होते, "काही टेन्शन नाही."

मिस्त्रीचे हात कोणी बांधले?

पूर्वी गाडी बंद पडली की आपला मिस्त्री आवाज ऐकून रोग सांगायचा. आज तोच मिस्त्री बॉनेट उघडून हात वर करतो. त्याची अक्कल कमी झाली नाही. गाडीत काय बिघडलं ते सांगणारा स्कॅनर, त्याचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हिसचं पुस्तक त्याच्या हातात नाही.

हे रडगाणं नवं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रीला मिळू देत नाही, हा ठपका होता. त्या यादीत टाटाही होती आणि महिंद्राही. म्हणजे चौकात ज्या दोन कंपन्यांसाठी आपण एकमेकांची गचांडी धरतो, त्या दोघी या बाबतीत एकाच बाकावर बसल्या होत्या. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं "राइट टू रिपेअर" म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं, त्यात वाहन क्षेत्र आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पुसदच्या मिस्त्रीला त्यातून स्कॅनर मिळाला का? जाऊन विचारा.

म्हणून गाडी घ्यायच्या आधी शोरूमच्या एसीत बसू नका, मिस्त्रीकडं जा. त्याला तीन गोष्टी विचारा. या मॉडेलचा क्लचप्लेट, इंजेक्टर, सेन्सर इथं मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो? हिचं स्कॅनिंग इथं कोण करतं? मागच्या वर्षभरात याच्या किती गाड्या तुझ्याकडं आल्या आणि कशासाठी? जी गाडी पुसदमध्ये एका दिवसात दुरुस्त होते ती आपल्यासाठी टिकाऊ. जिच्यासाठी आठवडाभर पार्सलची वाट बघावी लागते ती नाही, मग तिची जाहिरात कोणताही हिरो करो.

जुनी दिली, पण आरसीवर नाव कोणाचं?

आता सर्वात जीवघेणी गोष्ट. एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी सोडून येताना लोक नव्या गाडीला हार घालण्यात दंग असतात. जुनी कोणाच्या नावावर झाली, कधी झाली, कोणी बघत नाही. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे. ती गाडी मग या हातातून त्या हातात फिरते आणि आरसीवर तुमचंच नाव राहतं.

सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्यानं मालक तोच. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर आली. समजा तुमची जुनी पिकअप विमा संपलेल्या अवस्थेत कुठं तरी कोणाला उडवते. नोटीस तुमच्या दारात येईल. भरपाई लाखांत असते. त्यात वावर जाऊ शकतं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम आले आहेत. अधिकृत डीलरकडं गाडी सोपवताना फॉर्म २९सी मध्ये आरटीओला ऑनलाइन कळवायचं असतं, मग ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी डीलरवर येते. तेव्हा एक्स्चेंजवाल्याला तोंडावर विचारा: तुमच्याकडं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का? २९सी आत्ता माझ्यासमोर भरता का? तो "होऊन जाईल भाऊ" म्हणाला तर किल्ली खिशात टाका आणि घरी या. जुन्या गाडीवर लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसीही त्याच दिवशी मार्गी लावा.

आणि बोनसचा खेळ ओळखा. आधी एक्स्चेंजचा शब्दही न काढता नव्या गाडीचा रोख भाव लिहून घ्या. मग जुनीची किंमत बाहेर दोन ठिकाणी काढा. त्यानंतर बोनसचं बोला. नाही तर जुनीचे चाळीस हजार कमी धरून त्यातलेच पंचवीस हजार बोनस म्हणून परत देतात, आणि आपण वर पेढे वाटतो.

आता मुद्द्याचं

कोणती गाडी किती बिघडते याची माहिती कोणाकडंच नाही, असं समजू नका. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्याची नोंद वाहन प्रणालीत होते. कंपनी, मॉडेल, नोंदणीचं वर्ष, सगळं तिथं आहे. वाहनच्या डॅशबोर्डवर कोणत्या कंपनीच्या किती गाड्या नोंदल्या गेल्या हे कोणालाही बघता येतं. म्हणजे किती विकल्या हे सरकार दाखवतं. कोणतं मॉडेल पाच वर्षांनी ब्रेकमध्ये नापास होतं, कोणतं स्टीअरिंगमध्ये, कोणतं धुरात, हे मात्र दाखवत नाही. काऊन?

इंग्लंडमध्ये अशाच वार्षिक तपासणीचे निकाल गाडीमालकाचं नाव काढून सरकार सगळ्यांसाठी खुले करतं, मॉडेल आणि किलोमीटरसकट. जर्मनीत तपासणी संस्था दरवर्षी मॉडेलनिहाय दोषांचा अहवाल छापते. तिथला ग्राहक तो वाचून जुनी गाडी घेतो. आपण मामा-मावसभावाला विचारून घेतो.

काही जण म्हणतील, "पासिंगमध्ये इंजिनाचा टिकाऊपणा कुठं कळतो?" बरोबर, अर्धंच चित्र कळतं. उरलेलं अर्धं कंपन्यांच्या जॉब कार्डांत आहे, तेही मागू. दुसरे म्हणतील, "तुम्ही दीड टनाच्या गाडीत तीन टन भरता, मग कंपनीला काय बोलता?" हेही खरं आहे. ओव्हरलोडला कायद्यात २० हजारांचा दंड आणि वर जादा टनाला २ हजार आहेत ते उगाच नाहीत. पण ओव्हरलोड सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत होतो ना? मग त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याखाली कोणती आधी मोडते, हे आकडेच सांगतील. तिसरा आक्षेप सगळ्यात कडू: गाडी न बघता झालेल्या पासिंगचा आकडा काय कामाचा? नाहीच कामाचा. म्हणूनच आकडे उघड व्हायला पाहिजेत. एखाद्या ठिकाणी शंभरातल्या शंभर गाड्या पास होताना दिसल्या की तिथं तपासणी कशी होते हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आमदार-खासदार साहेबांना माझी मागणी तीन ओळींची आहे. पासिंगचे निकाल मॉडेलनिहाय आणि वर्षनिहाय जाहीर करा. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा आणि मालवाहू गाड्या त्यात आधी घ्या. जुन्या गाडीची नोंद बदलल्याशिवाय एक्स्चेंजवर नवी गाडी देऊ नये, असा नियम करा. यात सरकारच्या तिजोरीतून जाणारं फारसं काही नाही.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. एम.एच. २९ वाल्यांनो, एक वही करा. गाडीचं मॉडेल, कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली, वर्षात किती दिवस उभी राहिली, कशापायी, आणि दुरुस्ती कुठं झाली. एवढंच लिहा आणि इथं खाली टाका. गाडी नंबर नको, मालकाचं नाव नको. पन्नास जणांनी लिहिलं तरी मेळाव्याच्या माइकपेक्षा ते खरं असेल. माझ्या दोन्ही गाड्यांचा हिशेब पहिल्या कमेंटमध्ये टाकतो आहे.