खेळाडू हाही श्रमिकच

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला भारताने आशियाई हॉकीचे सुवर्णपदक ३२ वर्षांनी जिंकले. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा. बक्षीस काय? तो आणि अन्य सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. महासंघाच्या भाषेत ही ‘विश्रांती’ होती! सामन्याचे मानधन मिळत नाही, अशी तक्रार खेळाडूंनी केली होती. कामाचे दाम मागणाऱ्याला घरी बसविण्याची ही रीत गिरणी कामगारांच्या चांगलीच परिचयाची आहे.

जानेवारी २०१० मध्ये, विश्वचषकाच्या तोंडावर, पुण्याच्या शिबिरात अख्ख्या संघाने थकलेल्या पैशांसाठी सराव थांबविला, तेव्हा कुठे तिजोरी उघडली. उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे. १९९२ मध्ये तिने संप केला. २००४-०५ मध्ये मालकांच्या टाळेबंदीत सबंध हंगाम बुडाला, तरी ती मोडली नाही. ते खेळाडू आज लक्षाधीश आहेत हे खरे. संघटना बांधली तेव्हा बहुतेक नव्हते.

आपल्याकडे हॉकीपटूला मोठा आधार होता सार्वजनिक उद्योगांतील नोकरीचा. धनराजला तो इंडियन एअरलाइन्सने दिला. तिला सामावून घेणारी एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांच्या हाती गेली. मग नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर उतरणाऱ्या पोराने कोणाच्या भरवशावर खेळावे? खेळाडूंच्या संघटनेचा प्रश्न आपल्या कामगार आघाडीने हाती घेतला पाहिजे, आणि तोही पुढच्या ‘विश्रांती’पूर्वी.