सोशिकपणाने नेम लागत नाही

युद्धातल्या स्त्री स्नायपरचा विषय निघाला की एक कौतुक हमखास कानावर येतं: बायका मुळातच सोशिक, तासन्‌तास निमूट पडून राहतात, म्हणून या कामात सरस. ऐकायला गोड, तपासायला गेलं की टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत स्नायपर रोझा शानिनाचंच घ्या. अर्खांगेल्स्कच्या बालवाडीत शिकवणारी मुलगी. 1941 मध्ये भाऊ लढाईत मारला गेला, तशी ही सैन्यात जायच्या मागे लागली. तिची रोजनिशी छापून आली आहे, आणि तीत सोशिकपणा औषधालाही सापडत नाही. मुलींच्या तुकडीला मागे ठेवलं की ही न विचारता पुढच्या फळीत पळायची. शिक्षा झाली, तरी पुन्हा तेच. 1945 च्या जानेवारीत पूर्व प्रशियात मारली गेली तेव्हा अवघी वीस वर्षांची होती. नावावर शत्रूचे 59 बळी.

या अधीर मुलीला नेम कुठून आला? पोदोल्स्कच्या स्त्री-स्नायपर शाळेतून. तिथून हजारावर मुली तयार होऊन गेल्या. त्यांची मोसिन रायफल साडेतीनपट दुर्बिणीची. दुर्बीण नेमकी वर बसवलेली, त्यामुळे पाच काडतुसांची पट्टी एका दमात आत जात नसे; गारठलेल्या बोटांनी एकेक काडतूस भरायचं. बोल्टचा दांडा मुद्दाम खाली वाकवलेला, नाहीतर तो दुर्बिणीवर आपटे. भिंगावर ऊन चमकलं की समोरच्याला जागा कळलीच. यातलं काय आईच्या पोटातून शिकून येतं? लहान चणीचं माणूस चटकन लपतं, एवढं मान्य. पण लहान चणीचे पुरुषही असतात की.

दुसरी सोव्हिएत स्नायपर लुदमिला पाव्हलिचेन्को कीव्हच्या कारखान्यात कामाला असताना नेमबाजी शिकली. ओडेसा आणि सेवास्तोपोल मिळून तिच्या नावावर 309 बळी. आकड्यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. प्रचारखात्याला मोठे आकडे आवडतातच. पण 1942 मध्ये अमेरिकेत गेली, तर तिथले पत्रकार विचारत होते गणवेशाच्या स्कर्टची लांबी आणि आघाडीवरची पावडर-लिपस्टिक! सोशिकपणाचं कौतुक याच प्रश्नांचं सख्खं भावंड. तिच्या सैन्याला मात्र तिच्याकडे काय आहे ते नीट ठाऊक होतं. सेवास्तोपोलला जखमी झाल्यावर तिला पुन्हा आघाडीवर धाडलं नाही. नव्या स्नायपरांना शिकवायला नेमलं.