सौम्य अर्बुद आणि पायांचा पक्षाघात

वैद्यकशास्त्रात अर्बुदांचे दोन वर्ग मानतात : दुर्दम व सौम्य. दुर्दम अर्बुद भोवतालच्या भागात घुसते व शरीरात अन्यत्र पसरते. सौम्य अर्बुद आपल्या जागीच सावकाश वाढते. ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. पाठीच्या कण्यापुरता तरी हा समज टाकून दिला पाहिजे.

मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब व करंगळीएवढा जाड असून तो मणक्यांच्या अस्थिमय नळीत असतो. त्वचेखालील गाठीला वाढण्यास मोकळीक असते. या नळीत ती नसते. येथे बदामाएवढी गाठही रज्जूला दाबते. पुष्कळ काळ रज्जू तो दाब सोसतो. सोसण्याची सीमा संपली, म्हणजे थोड्याच अवधीत पाय लुळे पडतात. असे अर्बुद विरळा आढळते. पक्षाघात आकस्मिक भासतो. त्याचे कारण मात्र जुने असते.

इंग्लंडमधील एका लष्करी अधिकाऱ्याची पाठ १८८४ मध्ये दुखू लागली. तीन वर्षे खरे कारण उमगले नाही. १८८७ मध्ये काही महिन्यांतच त्याचे दोन्ही पाय गेले. विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून गाठीचे स्थान अनुमानिले, आणि ९ जून १८८७ रोजी लंडन येथे व्हिक्टर हॉर्स्ली यांनी शस्त्रक्रिया केली. प्रथम गाठ दिसेना. आणखी वरचा भाग उघडला, तेव्हा ती सापडली. पुढे तो रुग्ण पुन्हा चालू लागला.

त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. आज एमआरआय तपासणीत गाठ स्पष्ट दिसते. भारतातही १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी वेल्लोर येथे मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा विभाग स्थापन केला. तीन वर्षे गमावण्यास तेव्हा सबब होती. आता ती उरलेली नाही.

तरीही पाय जड झाले, की ‘वात आला’ म्हणून तेल चोळीत बसण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. प्रत्येक पाठदुखी अर्बुदाची नसते, हे खरे. परंतु पाय बधिर होणे, चालताना अडखळणे, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. फार काळ दबलेला रज्जू गाठ काढल्यावरही पूर्ववत होईलच, असे नाही. गाठ सौम्य असली, तरी विलंब सौम्य नसतो.